अभंगाच्या मापातले दोन तास: सहावीच्या मुलांसोबत कविता रचताना

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझा सर्जनशील लेखनाचा तास बाहेरून पाहणाऱ्याला छान वाटला असता. रंगीत पट्ट्या, तालावरचे गाणे, पावसाची टाळी, फळ्यावर काढलेला ढग असे सगळे त्यात असे. मुले हसत, तास पटकन संपे आणि वह्यांमध्ये मात्र २८ मुलांनी लिहिलेली एकच कविता सापडे, जिच्यात पाऊस येई, मोर नाचे आणि शेतकरी सुखावे. अशाच एका तासानंतर वह्या तपासताना माझ्या लक्षात आले की त्या ३५ मिनिटांत मुलांनी बोललेले एकही वाक्य मला आठवत नव्हते. मी वर्गात होतो, पण माझे लक्ष पुढच्या कृतीकडे, घड्याळाकडे आणि कार्यालयातून निरोप घेऊन येणाऱ्या मुलाकडे होते.

आपले वाक्य शिक्षकापर्यंत खरोखर पोहोचले आहे, हे मुलाला दिसते तेव्हा वर्गात आनंद येतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या शाळेचे नाव ‘सृजन आनंद विद्यालय’ असे आहे, आणि त्या नावात हे दोन शब्द शेजारी का ठेवले असावेत हे मला बऱ्याच उशिरा कळले. तास रंजक करण्यासाठी आनंद वेगळा आणून ओतावा लागत नाही. काही घडवताना आणि घडवलेले कोणी नीट ऐकताना तो आपोआप येतो. म्हणून खाली दिलेल्या तासाची आखणी एकाच हेतूने केली आहे: शिक्षकाचे हात आणि डोके इतके मोकळे राहावे की त्याला ऐकता येईल. हा तास सहावीसाठी आहे. पाचवी ते आठवीपर्यंत तो किरकोळ फरकाने चालतो. त्यासाठी दोन सलग तास, म्हणजे सुमारे ७० मिनिटे लागतात.

अभंगच का

‘तुम्हाला हवे ते लिहा’ असे सांगितले की मूल स्वतःचे न लिहिता पाठ्यपुस्तकात वाचलेले लिहिते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. याउलट घट्ट माप दिले की उसने शब्द त्यात बसत नाहीत आणि मुलाला स्वतःचा शब्द शोधावा लागतो. मोठ्या अभंगाचे माप सोपे आहे: पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा अक्षरे, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक. एकूण अक्षरे २२. ज्या मुलाला दहा ओळींचा निबंध डोंगरासारखा वाटतो, त्यालाही २२ अक्षरे पूर्ण करता येतात. शिवाय हे माप बहुतेक मुलांच्या कानावर आधीच असते. हरिपाठ, दिंडी, गावातले भजन किंवा शाळेचा परिपाठ यांतून ते आलेले असते. आषाढ महिना शाळा सुरू झाल्यानंतर लगेच येतो, त्यामुळे पालखीच्या दिवसांत हा तास विशेष रंगतो, पण तो वर्षभर कधीही घेता येतो.

आदल्या संध्याकाळची तयारी

या तयारीत एक गोष्ट अजिबात टाळू नये: शिक्षकाने स्वतः तीन अभंग रचावेत. ते चांगले होण्याची गरज नाही. विषय घरातला साधा असावा: कुकर, दुचाकी, भिंतीवरचे घड्याळ. लिहिताना आपण कुठे अडकतो ते पाहावे. जवळजवळ प्रत्येक जण तिसऱ्या चरणाशी अडकतो, कारण यमक जुळवायच्या नादात अर्थ सुटतो. ही अडचण स्वतः भोगलेली असली की दुसऱ्या दिवशी मूल पेन्सिल चावत बसते तेव्हा त्याच्यावर रागावण्याची किंवा त्याला शब्द पुरवण्याची घाई होत नाही.

टाचणात, म्हणजे तासाच्या लेखी आखणीत, फक्त तीन नोंदी असाव्यात: ऐकणे, माप, लिहून वाचणे. मिनिटामिनिटाचे नियोजन लिहून ठेवले की लक्ष मुलांवरून उठून कागदावर जाते. ज्यांना टाचण तपासून घ्यावे लागते त्यांनी अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलांना तासातून काय यावे ते, वेगळ्या पानावर लिहाव्यात आणि ते पान वर्गात नेऊ नये.

उरलेली तयारी प्रशासकीय आहे आणि ती कंटाळवाणी असली तरी तिच्याशिवाय सगळे फसते. पोषण आहाराची ऑनलाइन नोंद आणि मागितलेली माहिती तासापूर्वी भरून टाकावी. पुढचे ७० मिनिटे निरोप पाठवू नये असे मुख्याध्यापकांना आधीच सांगावे आणि फोन कार्यालयातल्या कपाटात ठेवावा. फोन खिशात गप्प असला तरी हात तिकडे जातो, आणि मुलांना ते लगेच कळते. द्विशिक्षकी शाळेत सहकाऱ्याकडून तास बदलून घेणे शक्य नसते. तिथे दोन इयत्ता एकत्र बसवाव्यात आणि लहान मुलांना अक्षरे मोजण्याचे काम द्यावे. मोजणीत ती मोठ्यांपेक्षा कडक असतात.

दारापासून सुरुवात

मुले आत येताना शिक्षकाने दारात उभे राहावे आणि प्रत्येकाचे नाव घ्यावे. नावाखेरीज काही बोलण्याची आवश्यकता नाही. २८ मुलांच्या वर्गात याला दोन मिनिटे लागतात, आणि कोण झोपेत आहे, कोण भांडून आले आहे, कोणाचे डोळे लाल आहेत, हे एवढ्या वेळात समजते.

बाके भिंतीला लावून मुलांना जमिनीवर गोलात बसवावे, किंवा व्हरांड्यात, झाडाखाली न्यावे. गुरे राखणाऱ्या मुलांना वर्गात आणणे जमत नाही म्हणून कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली होती; आपल्याला फक्त बाके सरकवायची आहेत. शिक्षकाने खुर्ची घेऊ नये. गुडघे दुखत असतील तर पाट घ्यावा.

मग दोन मिनिटे सर्वांनी डोळे मिटून ऐकू येणारे आवाज टिपावेत. याला ध्यान म्हणू नये, कारण तो शब्द ऐकताच मुले गंभीर चेहरा करतात आणि ऐकणे बंद होते. ‘मनात आवाजांची यादी करा’ एवढेच सांगावे. वेळ संपल्यावर प्रत्येकाने एक आवाज सांगावा, आधी सांगितलेला पुन्हा सांगू नये. पहिली पाच मुले पक्षी, पाऊस, वारा असे पुस्तकी आवाज सांगतात. ते संपले की खरे आवाज बाहेर येतात: खिचडीच्या पातेल्यात फिरणारा झारा, चढावर गिअर बदलणारी एसटी, शेजारच्या वर्गातल्या बाईंचा खोकला. एका मुलीने ‘सर, तुमच्या पोटातला’ असे सांगितले होते. शिक्षकानेही आपला एक आवाज सांगावा आणि तो खरोखर ऐकलेला असावा. या वेळी फळ्यावर काही लिहू नये आणि कोणत्याही उत्तरावर ‘छान’ म्हणू नये. एकाला ‘छान’ म्हटले की उरलेली २७ मुले आवाज ऐकायचे सोडून ‘छान’ मिळवण्याच्या मागे लागतात.

पेरांवरचे माप

अक्षरे मोजण्यासाठी कागद नको, बोटांची पेरे पुरेशी आहेत. अंगठा सोडून चार बोटे, प्रत्येकी तीन पेरे, म्हणजे एका हातावर १२ पेरे होतात. अभंगाचे पहिले दोन चरण सहा आणि सहा असल्यामुळे एक हात बरोबर भरतो. दुसऱ्या हातावर सहा आणि चार मिळून दहा पेरे भरतात आणि करंगळीची शेवटची दोन पेरे रिकामी राहतात. ही रिकामी पेरे लक्षात ठेवावीत. पुढे त्यांचा उपयोग आहे.

नमुन्यासाठी तुकाराम महाराजांचा सर्वांना ठाऊक असलेला अभंग घ्यावा. ‘सुंदर ते ध्यान’ ही सहा, ‘उभे विटेवरी’ ही सहा, ‘कर कटावरी’ ही सहा आणि ‘ठेवोनिया’ ही चार. विटेवरी आणि कटावरी यांचे यमक मुले स्वतः ओळखतात. मोजण्याचे नियम दोनच सांगावेत: जोडाक्षर एकच धरायचे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मोजणीत नाही. लघु-गुरू, मात्रा, गण यांचा उल्लेख इथे करू नये. तो स्वतंत्र विषय आहे आणि या तासाचा जीव घेतो.

माप हातात बसावे म्हणून आधी अगदी बिनकवितेची सहा अक्षरी वाक्ये शोधायला लावावीत. ‘घंटा वाजली का’, ‘डबा उघडला’, ‘चपाती संपली’, ‘खिचडी उरली’. मुले ही वाक्ये पेरांवर मोजत एकमेकांच्या चुका काढतात आणि वर्गात गोंधळ होतो. हा गोंधळ होऊ द्यावा, कारण त्यात प्रत्येक मूल भाषेची अक्षरे हाताळत असते.

नंतर सर्वांनी मिळून एक अभंग फळ्यावर रचावा, आणि विषय त्या दिवशीच्या शाळेतला असावा. एकदा आमच्या नळाला सकाळपासून पाणी नव्हते. पहिले दोन चरण पटकन आले: ‘शाळेच्या नळाला, पाणी नाही आले’. तिसऱ्यासाठी कोणीतरी ‘तोंड कोरडे झाले’ असे सुचवले. मला ते आवडले आणि मी खडूने लिहूनही टाकले. मागून एक बारीक आवाज आला, ‘सर, सात होतात.’ मी पेरांवर मोजले. सातच होत होती. सबंध वर्ग जे हसला त्याची बरोबरी कोणत्याही टाळीला करता आली नसती. पुढची पाच मिनिटे सगळे मिळून ‘तोंड’ कसे लहान करावे यावर वाद घालत होते. शेवटी फळ्यावर असे उरले:

शाळेच्या नळाला
पाणी नाही आले
ओठ सुके झाले
सगळ्यांचे

शिक्षकाची चूक अशी वर्गासमोर सापडली तर तिचे स्वागत करावे, मात्र मुद्दाम चुकण्याचे नाटक करू नये. सहावीतली मुले नाटक ओळखतात.

लिहिण्याची पंधरा मिनिटे

विषय ‘माझी आई’ किंवा ‘पाऊस’ असा न देता ‘तुमच्या घराच्या दारात या क्षणी पडलेली एक वस्तू’ असा द्यावा. दार ही जागा मला फार उपयोगी वाटते, कारण तिथे घरातल्या सगळ्यांचे काहीतरी असते आणि मुलाला ती जागा डोळे मिटूनही दिसते. ज्याला सुचत नाही त्याला शब्द देण्याऐवजी तीन प्रश्न द्यावेत: वस्तू कोणाची आहे, कुठे आहे आणि आत्ता ती काय करते आहे. तिसऱ्या प्रश्नाला मुले थोडी थबकतात, कारण वस्तू काही करत नसते. कविता बहुधा तिथेच सुरू होते.

शिक्षकाने या वेळेत वर्गात फेऱ्या मारू नयेत. डोक्यामागे कोणी उभे राहिले की मूल वहीवर हात ठेवते. गोलात बसून स्वतःही लिहावे, खोडावे, पेरांवर मोजावे. जे मूल अजून सलग लिहू शकत नाही त्याने शेजाऱ्याला सांगून लिहवून घ्यावे. रचना त्याचीच मानावी आणि खाली नावही त्याचेच असावे.

बोलीबद्दल एक गोष्ट स्पष्ट असावी. मूल घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा पावरी बोलत असेल आणि तो शब्द चरणात आला असेल, तर त्याला हात लावू नये. ‘पाणी’ आणि ‘पानी’ दोन्ही दोनच अक्षरे आहेत. प्रमाणलेखनाची सवय लावण्यासाठी आठवड्यात इतर पुष्कळ तास असतात.

वाचन, आणि वाचनानंतरची शांतता

तासाचा खरा भाग हा आहे आणि तो सगळ्यात जास्त वेळा घाईत संपवला जातो. वाचन ऐच्छिक ठेवावे. २८ पैकी दहा-बारा मुले वाचतात. उरलेल्यांनी वही शिक्षकाकडे दिली तरी चालते. वाचणाऱ्याने आपला अभंग दोनदा वाचावा, कारण पहिल्या वेळी सगळे अक्षरे मोजतात आणि दुसऱ्या वेळी ऐकतात.

विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकी अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतील संवादांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा त्यांना असे आढळले की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मुलाचे उत्तर संपल्यावरही तितक्याच घाईने बोलू लागतात. हा थांबा तीन सेकंदांच्या पुढे नेला की उत्तरे लांबतात, एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागतात आणि उत्तरच न देणाऱ्यांची संख्या घटते. ऐकायला सोपे आहे, पण वर्गात तीन सेकंद गप्प बसून पाहावे; ते फार लांबतात. मी यासाठी ती दोन रिकामी पेरे वापरतो. मुलाने चौथा चरण वाचला की अंगठा करंगळीच्या त्या दोन पेरांवर एकामागून एक सावकाश टेकवतो आणि मगच तोंड उघडतो. मुलांनाही हे शिकवले आहे. आता कोणी वाचून थांबले की वर्गातले पुष्कळ अंगठे करंगळीवर फिरताना दिसतात आणि तोपर्यंत कोणी बोलत नाही.

या सवयीची किंमत मला एका दिवशी कळली. एरवी कधीही हात वर न करणाऱ्या मुलाने वाचले:

आजीची चप्पल
दारात बसली
वाट बघितली
रात्रभर

यमक कच्चे होते, आणि ते सांगायचे माझ्या तोंडाशी आले होते. पेरे मोजायची होती म्हणून मी थांबलो. त्या दोन पेरांच्या वेळात त्याच्या शेजारच्या मुलाने हळूच सांगितले की याची आजी परवापासून तालुक्याच्या दवाखान्यात आहे. मी यमकाबद्दल काही बोललो नाही, ‘दारात बसली’ हे त्याचेच शब्द पुन्हा म्हटले आणि चप्पल कोणत्या रंगाची आहे ते विचारले. त्याने ‘निळी, एक पट्टा शिवलेला’ असे उत्तर दिले. इतके बोलताना त्याला मी याआधी ऐकले नव्हते.

म्हणून वाचनानंतर काय बोलावे याचा क्रम मी ठरवून टाकला आहे. आधी थांबावे. मग मुलाच्या कवितेतले दोन-तीन शब्द, न बदलता, त्याच्याच क्रमाने पुन्हा म्हणावेत. त्यानंतर एकच प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर आपल्याला खरोखर माहीत नसावे. अभिप्राय म्हणून इतके पुरते. शाबासकी, तारे, टाळ्या यांपैकी कशाचीही गरज पडत नाही. पावसाची टाळी मी या तासातून हद्दपार केली आहे, निदान वाचनाच्या वेळी.

एखाद्या कवितेतून घरातले भांडण, दारू, मारहाण असे काही बाहेर आले, तर वर्गासमोर एकही जादा प्रश्न विचारू नये. नेहमीप्रमाणे शब्द पुन्हा म्हणावेत, पुढच्या मुलाकडे वळावे आणि मधल्या सुट्टीत त्या मुलाशी एकट्याने बोलावे. मुलाला धोका आहे असे वाटले, तर मुख्याध्यापकांना सांगणे आणि १०९८ या बालमदत क्रमांकाचा उपयोग करणे हे शिक्षकाचे काम आहे. त्या कवितेचा विचार तोवर बाजूला ठेवावा.

जेव्हा तास बसत नाही

कधी कोणी मुद्दाम चावट यमक जुळवते. त्यावर हसून ‘मोज बघू’ म्हणावे. अक्षरे कमी-जास्त असतील तर ते दुरुस्त करण्यात चावटपणा विरून जातो. मात्र विनोद वर्गातल्या कोणा मुलाच्या जातीवर, रंगावर किंवा अंगावर असेल, तर तास तिथेच थांबवावा आणि त्याबद्दल बोलावे, मग त्या दिवशी अभंग झाला नाही तरी चालेल.

कधी शिक्षकाचेच मन थाऱ्यावर नसते. रात्रभर जागरण झालेले असते किंवा घरी कोणी आजारी असते. अशा दिवशी उसना उत्साह आणू नये. ‘आज मला बरे वाटत नाही, आज आपण नुसते वाचू’ असे मुलांना सांगावे आणि बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचा एखादा जुना अंक काढून आळीपाळीने वाचावे. १९७१ पासून निघणाऱ्या या मासिकाचे अंक बऱ्याच शाळांच्या कपाटात धूळ खात असतात.

पुढचे आठवडे

हा तास पंधरवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी घ्यावा. दर आठवड्याला घेतला तर तो पाठांतरासारखा होतो. तिसऱ्या खेपेला मुलांना घरून एक ओवी आणायला सांगावे. आजी, पणजी, शेजारची म्हातारी, ज्यांनी जाते ओढले आहे अशा कोणाकडूनही ती आणावी. जात्यावरच्या ओवीत अक्षरे अभंगाइतकी काटेकोर नसतात, आणि पेरांवर ती बसत नाही हे कळल्यावर मुले आजीशी वाद घालतात, असा माझा अनुभव आहे. ग्रामीण महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या प्रयत्नांतून संग्रहित झाल्या आहेत, हे मुलांना अवश्य सांगावे, म्हणजे आजीकडच्या त्या एका ओवीकडे ती वेगळ्या नजरेने पाहतात.

सत्राच्या शेवटी हस्तलिखित काढावे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अंमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. आपल्याला रोज शक्य नाही, वर्षातून दोनदा शक्य आहे. शुद्धलेखनाची दुरुस्ती याच टप्प्यावर करावी, कारण आता इतर लोक वाचणार आहेत हे मुलाला पटते आणि ते स्वतःहून विचारायला येते. प्रत्येकाचा एक अभंग असावा, निवड मुलाने करावी, अक्षरही त्याचेच असावे. सुंदर अक्षराच्या दोन मुलींकडून सगळा अंक लिहून घेण्याचा मोह होतो, तो आवरावा.

आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनासाठी गुण द्यावे लागतातच. ते माप आणि यमक यांना द्यावेत, कारण ती मोजता येतात. वर्णनात्मक नोंदीत मात्र ‘भाषेत रस घेतो’, ‘कविता आवडीने म्हणतो’ ही छापील वाक्ये उतरवू नयेत. त्या दिवशी शाळा सुटल्यावर, फोन कपाटातून काढण्यापूर्वी, किमान पाच मुलांबद्दल प्रत्येकी एक वाक्य लिहावे, आणि ते दुसऱ्या कोणत्याही मुलाला लागू पडणार नाही असे असावे. चपलेच्या अभंगाच्या दिवशी माझ्या नोंदवहीत असे लिहिले आहे: ‘आज पहिल्यांदा उभे राहून वाचले. तिसऱ्या चरणापाशी थांबला. चप्पल निळी, एक पट्टा शिवलेला.’